अंगठ्याएवढा फुलोरा

आमच्या महालक्ष्म्यांना दोन फुलोरे असतात. एक वर टांगलेला, खरा: करंज्या, साटोऱ्या, पापड्या आणि कणकेची लाटून, कापून, तळलेली वेणी, फणी, आरसा, करंडा. दुसरा खाली, मुखवट्यांपुढच्या देखाव्यात, बोटभर काडीला लोंबणारा. त्यातली करंजी तांदळाच्या दाण्याएवढी आणि फणीला दात मोजून अकरा. हळदीकुंकवाला आलेल्या बाया पहिल्याला हात जोडतात आणि दुसऱ्यापुढं वाकून थांबतात. मग सुरू होतं. कशाचं केलंय? मैद्याचं का? मुंग्या नाही लागत?

मी चौसाळ्याची. सोलापूर-धुळे हायवेवरचं आमचं गाव; मांजरसुंब्याहून येरमाळ्याकडं निघालं की वाटेत लागतं. माझं काम शिलाईचं: ब्लाऊज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. पॉलिमर क्लेचं हे खूळ २०१७ पासूनचं. दरवर्षी तेच प्रश्न आणि तीच उत्तरं, म्हणून एकदाचं लिहून काढलं. बरेचसे बोल चुकांतूनच आलेत.

१. क्ले म्हणतात, पण माती नाही

पहिलं पाकीट आलं तेव्हा मी ते पाण्यात भिजत घातलं. मातीला पाणी लागतं, एवढं मला कळत होतं. रात्रभर वाटीत ठेवलं. सकाळी पाणी वेगळं, क्ले वेगळी, जशीच्या तशी.

पॉलिमर क्ले म्हणजे पीव्हीसी, आपल्या बोअरच्या पाइपाचं प्लास्टिक. त्याची बारीक भुकटी, ती मऊ ठेवणारं एक तेलकट द्रव्य आणि रंग. ही उघड्यावर मातीसारखी वाळत नाही. पुरेशी उष्णता लागली की भुकटीचे कण एकमेकांत मुरतात आणि वस्तू कायमची घट्ट होते. जर्मनीत कॅथे क्रूझ नावाच्या बाई बाहुल्या करायच्या, त्यांच्या बाहुल्या फार गाजल्या. त्यांच्या मुलीनं, फिफी रेहबिंडर यांनी, असल्या पदार्थावर बरीच खटपट केली. १९६४ साली तो एबरहार्ड फाबर कंपनीनं घेतला आणि ‘फिमो’ म्हणून विकला. त्यातला ‘फि’ फिफीचा. म्हणजे हा शोध बाहुल्या करणाऱ्या घरातल्या लेकीचा. कळलं तेव्हा मला उगीचच बरं वाटलं.

हाताला मात्र ती कणकेसारखीच लागते. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पहिला गोळा दोन बोटांत धरून वाकवला. कडेला चिरा पडल्या. ‘‘ही कणीक नीट मळलीच नाही तू,’’ म्हणाल्या आणि गोळा माझ्याकडं परत. त्यांनी जन्मभर फुलोऱ्याची कणीक मळलेली. पुढं कळलं की क्लेची परीक्षा अगदी हीच: वाकवून बघायची, चीर पडली तर अजून मळायची. थंडीत एकेका रंगाला दहा-दहा मिनिटं लागतात. कंटाळा केला तर वस्तू भाजताना तिथंच तडकते.

२. आधी पट्टी, मग क्ले

पहिल्या वर्षीच्या देखाव्यात माझा लाडू पुरणपोळीएवढा होता आणि समई दारापेक्षा उंच. एकेक वस्तू हातात घेतली तर सुरेख. सगळ्या मांडल्या तर जत्रेतल्या आरशात बघितल्यासारखं. मापाची टेप चोवीस तास गळ्यात असलेल्या बाईनं ही चूक करावी, याची अजून लाज वाटते.

बाहुलीघरं करणाऱ्यांचं जगभर चालणारं माप एकास बारा. खऱ्यातला एक फूट म्हणजे छोट्यातला एक इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी केलेलं बाहुलीघर १९२४ साली पुरं झालं, विंडसरच्या राजवाड्यात आहे, ते याच मापाचं. आखलं लुट्येन्स यांनी, म्हणजे ज्यांनी नवी दिल्ली आखली त्यांनीच. हे माप कळलं तेव्हापासून माझ्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. फूटभर ताट: एक इंच. आठ इंची पुरणपोळी: १७ मिलिमीटर. पाच सेंटिमीटरचा लाडू: ४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर ज्वारीचा दाणा. माप घ्यायला मी क्लेशेजारी वाटीत खरीच ज्वारी ठेवते. मालदांडीचा टपोरा दाणा असला तर लाडू जरा खाऊनपिऊन सुखी दिसतो, एवढंच.

३. पांढरं आधी, काळं शेवटी

पांढरी क्ले सगळं ओढून घेते: धूळ, केस, साडीचा धागा, बोटाला लागलेली हळद. आमचं दार हायवेच्या बाजूला. एक ट्रक गेला की मोदकावर राखाडी झाक. म्हणून दार लावायचं, पंखा बंद, अंगावर सुती कपडा, हात पुसून घ्यायचे आणि आधी पांढरं उरकायचं. मग पिवळं, मग लाल, शेवटी काळं. लाल मळून झाल्यावर पांढऱ्याला हात लावला तर तो मोदक राहत नाही, उकडलेला बटाटा होतो. काम करायला गुळगुळीत फरशीचा एक तुकडा घ्या. पोळपाट नको, एकदा क्लेला लावलेला पोळपाट परत पोळीला घेऊ नये. लाटायला स्टीलचा पेला चालतो, पण तोही मग क्लेचाच.

४. उन्हाळ्यात क्ले माठाशेजारी, पावसाळ्यात डोळ्यांसमोर

मे महिन्यात आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत तर विचारू नका. एका उन्हाळ्यात मी आठ पाकिटं शिलाई मशीनच्या खणात ठेवून माहेरी गेले. पंधरा दिवसांनी येऊन बघते तर वड्या झालेल्या. मळायला घेतल्या की भुगा. भाजण्याआधीच अर्धवट भाजल्या गेल्या होत्या. ५७ ग्रॅमची एक वडी तेव्हा दोनशेच्या घरात पडायची, हिशेब तुम्हीच करा. आता उन्हाळ्याचे तीन महिने क्लेचा डबा माठाशेजारी, ओल्या गोणपाटाच्या गारव्यात असतो. पार्सलही मी एप्रिल-मेमध्ये मागवत नाही. गाडीत दिवसभर तापून येतं.

हाताच्या उबेनं क्ले फार मऊ पडली तर एक सोपी युक्ती. पातळ लाटून दोन कोऱ्या कागदांत दाबून तासभर ठेवा. कागदावर तेलाचा डाग उमटतो, भजी टिपल्यासारखा, आणि क्ले पुन्हा धरायला येते. कच्ची क्ले कडक प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत किंवा थर्मोकोलवर मात्र ठेवू नका. त्यातलं तेलकट द्रव्य त्या प्लास्टिकला खातं. माझी एक डबी आणि हिरवी क्ले अशी एकजीव झाली की शेवटी दोन्ही टाकली.

पावसाळ्याचं सांगायचं तर ते घरगुती क्लेबद्दल. कॉर्नफ्लोअर आणि सुतारकामाचा पांढरा गोंद शिजवून जी करतात, ती मी आधी वर्षभर केली. स्वस्त पडते, भाजायची गरज नाही, मुलांना शिकवायला छान. पण ती वाळताना आकसते, म्हणजे आपलं एकास बाराचं माप गेलं. आणि भाद्रपदात आमच्या ओलसर खोलीत तिच्यावर बुरशी आली. ज्येष्ठेच्या पूजेच्या दिवशी सकाळी बघते तर करंज्यांना लव.

५. भट्टी: इथंच सगळं कमावलं किंवा गमावलं जातं

सगळ्यांत जास्त फजिती इथं झाली, म्हणून इथं जरा रेंगाळते.

सुरुवातीला ओव्हन नव्हता. उष्णताच हवी ना, मग इडलीपात्र काय वाईट, असा माझा हिशेब. अर्धा तास वाफवलं. बाहेर काढलं तेव्हा घट्ट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी समईचा दांडा धरला तर बिस्किटासारखा मोडला. पाण्याची उघडी वाफ शंभर अंशांच्या पुढं जात नाही, आणि या क्लेला पाकिटावर लिहिल्याप्रमाणं ११० ते १३० अंश लागतात. कंपनी वेगळी, आकडा वेगळा. मधल्या त्या दहा-तीस अंशांसाठी मी सहा महिने फुकट घालवले.

मग दिवाळीच्या शिलाईच्या पैशातून छोटा ओटीजी घेतला. डायल १३० वर लावली, जिलेब्यांचा ट्रे आत सरकवला आणि एका ब्लाऊजची काजं करायला बसले. वीस मिनिटांनी असा वास आला की नाकात झोंबला. जिलेब्या चॉकलेटच्या झालेल्या, काही फुगलेल्या. पीव्हीसी जास्त तापली की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो, तो नाका-घशाला जाळतो. आधी बटण बंद केलं, दारं-खिडक्या उघडल्या, आत्याबाईंना ओसरीत नेऊन बसवलं. त्या तेवढ्यातही विचारत होत्या, ‘‘कामून गं, काय करपलं?’’

दुसऱ्या आठवड्यात ओव्हनच्या आत ठेवायचं थर्मामीटर मागवलं. डायलवर १३०, आत १६५! तेव्हापासून डायलवर माझा विश्वास नाही. शंभराच्या किंचित वर खडूची एक खूण केली आहे. तिथं काटा ठेवला की आत १३० मिळतात. तुमच्या ओव्हनची खूण दुसरीकडं असेल, ती तुमची तुम्हीच शोधा.

आणखी काही. वस्तू फरशीच्या तुकड्यावर ठेवून भाजा, उष्णता एकसारखी लागते. वरून फॉईलची सैल झोपडी करा, म्हणजे पांढरा पिवळा पडत नाही. सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास धरा. जाड वस्तू असेल, उदाहरणार्थ जातं किंवा उखळ, तर आत फॉईलचा गोळा भरून वरून क्ले लावा. क्लेही वाचते आणि भाजणंही आतपर्यंत पोचतं. गरम वस्तू मऊच असते. ती कच्ची राहिली समजून परत भाजू नका, गार होऊ द्या. आणि ज्या ओव्हनमध्ये क्ले, त्यात नानखटाई नाही. माझ्या धाकट्यानं त्यावर तीन दिवस रुसवा धरला होता.

राहता राहिली लाईट. अर्ध्या तासात एकदा तरी जातेच. पूर्वी मी कपाळाला हात लावायचे. आता कळलंय की भाजणं मध्येच थांबलं तर वस्तू बिघडत नाही. लाईट आली की पहिल्यापासून अर्धा तास परत भाजायचं. एकच वस्तू तीनदा भाजली तरी चालते. करपवणं तेवढं माफ नाही.

६. एका वस्तूत एकच गोष्ट खरी करा

बारीक काम म्हणजे सगळंच बारीक करायचं, असं मला वाटायचं. पुरणपोळी करताना मी तिला कड, थर, पुरणाचे कण, तुपाची धार, सगळं द्यायला जायचे. परिणाम शून्य. ओळख पटायची नाही. मग एके दिवशी तव्यावरची खरी पोळी नीट बघत बसले. डोळ्यांत भरतात ते डाग. बाकी सगळं डोळा आपल्या मनानं भरून घेतो.

आता माझी कृती अशी. पिवळ्यात पाव भाग पारदर्शक क्ले, चिमूटभर तपकिरी. १७ मिलिमीटरची चकती. तिच्यावर जुना टूथब्रश हलक्या हातानं दाबायचा, उलटा, केसांकडून. आधी कोरड्या ब्रशनं पिवळसर रंगीत खडूची भुकटी सगळीकडं. मग तपकिरी भुकटी, फक्त उंचवट्यांवर, तीन-चार ठिकाणी, एकसारखी नाही. एकसारखे डाग पडले की ती बिस्किट होते. भाजल्यावर अर्ध्या भागाला चकचकीत वार्निशचं एक बोट: तूप.

सीताफळानं मात्र माझी दोन वर्षं घेतली. बालाघाटच्या डोंगरातलं आमचं सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. महालक्ष्म्यांपुढच्या फळांत ते नसलं तर आमचा देखावा कुठलाही होऊ शकतो, असं माझं मत. आधी मी हिरव्या गोळीवर बारीक-बारीक ठिपके चिकटवले. रुद्राक्ष झाला. मग ठिपके मोठे केले, तर मुरमाचा खडा. शेवटी आत्याबाईंनी खरं फळ हातात दिलं. ‘‘डोळे बघ आधी. पिकलं की डोळे उघडतात. मधली रेघ बघ, ती पांढरी पडती.’’ म्हणजे बघायचं डोळ्यांकडं नाही, डोळ्यांच्या मधल्या रेघेकडं. बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलीचं टोक कापून अर्धं केलं. त्याची नालासारखी खूण उठते. देठाकडून सुरू करून ती एकाखाली एक, वीट रचतात तशी सांध्यावर, साडेसात मिलिमीटरच्या गोळीभर दाबली. मग सायीच्या रंगाची खडूची भुकटी फक्त त्या रेघांत. आत्याबाईंनी भिंग लावून बघितलं आणि विचारलं, ‘‘हे कच्चं कामून ठेवलं मग?’’ एक जरा जास्तच हिरवं राहिलं होतं. दाद मिळाली ती अशी.

भिंग त्यांच्यासाठीच आणलं होतं. फणीचे दात मोजता येईनात म्हणून त्या चिडायच्या.

फळांचा विषय निघालाच आहे तर सांगते: सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं बघायला मिळाली तर सोडू नका. रंग कसा थांबवायचा हे त्यांच्याकडून शिकावं. आंब्याच्या पिवळ्यात केशरी कुठं सुरू होतो ते दाखवता येत नाही, आणि तेच खरं.

७. व्हिडिओ बघा, पण करा आपल्या घरातलं

मोबाइलवर क्लेचे व्हिडिओ शोधले की येतात ते बहुतेक नाताळचे. बर्फाचा माणूस, पाइनची फांदी, लाल फीत. मीही पहिल्यांदा बर्फाचा माणूसच केला. गाजराचं नाक, गळ्यात मफलर. चौसाळ्यात बर्फ दिसतो तो रसवंतीवर, पोत्यात गुंडाळलेला. पोरगा म्हणाला, ‘‘आई, मोदकावर मोदक का ठेवलाय?’’ त्याचं चुकलं नव्हतं. मी जे कधी बघितलं नाही ते दुसऱ्याच्या आठवणीवरून करत होते, आणि ते हाताला कळत होतं.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं. नाताळच्या आगेमागेच आमच्याकडं येळवस येते, वेळ अमावस्या. शेतात कडब्याची कोप, आत चुना लावलेले दगडांचे पाच पांडव, बिंदग्यात आंबील, भज्जी, उंडे. सगळं गाव शेतात आणि गावात चिटपाखरू नाही. हे मला डोळे मिटून दिसतं. पुढच्या महालक्ष्म्यांना मी येळवसच मांडली. कडबा क्लेचा नाही केला, झाडूच्या खऱ्या काड्या कापल्या. बिंदगं केलं वीटकरी क्लेचं, बाहेरून धूर लागल्यासारखी काळी भुकटी. भज्जीचं पातेलं भरायला हिरव्या-पिवळ्या क्लेचे वाटाणे, तुरीचे दाणे, हरभरे, सुईच्या टोकानं एकेक.

त्या वर्षी शेजारच्या वस्तीवरची एक बाई कुंकवाला आली. दसरा-दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते, कोयता घेऊन, बीड जिल्ह्यातली हजारो माणसं जातात तशी. सगळ्या बाया आंबिलीचं बिंदगं बघत होत्या. ती कोपीकडं बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘‘दार मोठं झालंय.’’ मला समजेना. ‘‘एवढं दार ठेवलं तर थंडी सरळ आत येती, ताई. कोपीत वाकूनच जावं लागतं.’’ माझी कोप एका दिवसाच्या सणाची होती, तिची सहा महिन्यांच्या मुक्कामाची. ती गेल्यावर मी दार अर्धं केलं. कोप लगेच खरी दिसायला लागली. तेव्हापासून नवीन काही केलं की मी आधी ते वापरणाऱ्या माणसाला दाखवते. कुंभाराला माठ, माळणीला गजरा, भटजींना पळी-पंचपात्र. भटजींनी पळीचा दांडा लांबवायला लावला.

८. पोळ्याचे बैल क्लेचे करू नका

हे मी सगळ्यांत ठासून सांगते, कारण चूक माझीच आहे.

आमच्याकडं जनावरं नाहीत. अशा घरांत पोळ्याला मातीच्या बैलांची पूजा होते. श्रावणी अमावस्येच्या आधी कुंभारीण टोपलीत बैलजोड्या घेऊन दारोदार येते. कच्ची माती, वर गेरू-चुन्याचा हात, शिंगं कधी एक लहान एक मोठं. २०१९ साली मला शहाणपण सुचलं. म्हटलं, मी एवढी सोन्यासारखी कलाकार, विकतचे बैल कशाला? आठ दिवस खपून जोडी केली. पाठीवर झूल, झुलीला आरसे, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ, घुंगरू दीड मिलिमीटरचं. कुंभारणीला दारातून परत पाठवलं. ती जोडी बघून ‘‘लई भारी केलीत की,’’ म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली आणि आत्याबाई म्हणाल्या, ‘‘चल, शिरवून ये बैल.’’ मी जोडी तळहातावर घेऊन उभी. मातीचे बैल पाण्यात सोडले की घटकाभरात गाळ होतात, किंवा माळवदावर ठेवले तर पहिल्या पावसात ओघळतात. हे? ‘‘हे कधी विरघळायचे?’’ त्यांनी विचारलं. खरं उत्तर होतं: माझ्या हयातीत नाही, तुमच्या पणतवंडांच्याही नाही. पीव्हीसी आहे ते. ओढ्यात टाकलं तर ओढ्यातच राहणार, तुकडे होतील तेवढंच. मी शिरवले नाहीत. पेटीत ठेवले. पुढच्या पोळ्याला कुंभारीण आमच्या दारी आलीच नाही. मीच तिच्या घरी जाऊन जोडी आणली आणि तिनं पैसे घेताना काही बोलून दाखवलं नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून आमच्या घरी वाटणी ठरलेली आहे. ज्याचं विसर्जन व्हायचं ते मातीचं, कणकेचं, शेणाचं: बैल, गणपती, दिवाळीच्या गवळणी. जे दरवर्षी पेटीतून निघून परत पेटीत जायचं ते क्लेचं: ताट, समई, जातं, फळं. गणपतीची मूर्ती क्लेची करून द्या म्हणून माझ्याकडं दरवर्षी दोघं-तिघं येतात. मी नाही म्हणते. त्यांना पटतंच असं नाही.

९. लहान पोरांच्या हाताबाहेर

ज्वारीएवढा लाडू पोराच्या दृष्टीनं लाडूच. कुंकवाला आलेल्या एकीच्या दोन वर्षांच्या मुलानं बुंदीचा एक लाडू तोंडात घातला होता. बोटानं काढला, काही झालं नाही, पण माझे हातपाय गार पडले. आता देखावा चौरंगावर, चौरंग टेबलावर.

१०. विकायचं असेल तर तासांनी विका

लोक आकार बघून भाव करतात. सोळा भाज्यांसकट नैवेद्याचं एक इंची ताट करायला मला नऊ तास लागतात. एकीनं ते तळहातावर घेऊन म्हटलं, ‘‘एवढंसं तर आहे, पन्नास घ्या.’’ मी तिला तिचाच ब्लाऊज दाखवला. अस्तराचा, दोरीचा, तीन तासांचा. त्याची शिलाई ती निमूट देते. ताट तिनं घेतलं नाही. ठीक आहे. वर्षाला पाच-सात ताटं जातात, तेवढी पुरे. त्याहून जास्त केली असती तर मला नैवेद्याचा कंटाळा आला असता आणि महालक्ष्म्यांना तो कळला असता.

मूळ नक्षत्रावर महालक्ष्म्या उठतात. खरा फुलोरा उतरवून आम्ही घरोघर वाटतो. साटोरीला कुणी नाही म्हणत नाही. छोटा फुलोरा मी जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्यांत गुंडाळते, एकेक करून, आणि मुखवट्यांच्या पेटीत खालच्या कप्प्यात ठेवते. गेल्या वर्षी मोजले तेव्हा २१४ नग भरले, त्यात एक बर्फाचा माणूस.

बघायचं असेल तर महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी या, संध्याकाळी, जेवणाच्या पंगती उठल्यावर. आत्याबाई दाराशीच बसलेल्या असतात. भिंग त्यांच्याकडं मागा.